हातचा एक

तीन वाजताच दिवेलागण होते आमच्याकडे.
शेटलंडच्या पार वरच्या टोकाला हे बेट;
दुपारचं सूप होईतो खिडकीतला समुद्र दिसेनासा होतो,
नुसता ऐकू येतो,
शेजारच्या खोलीत कुणी जड कपाट सरकवत असल्यासारखा.

सुट्टीआधीचा शुक्रवार वाचनाचा.
नियम एकच : नाताळचं काही आणा, मोठ्यानं वाचा.
पाठ केलेलं चालत नाही, हातात कागद हवा.
मुलं सात, मी एक,
आणि थॉमसिनाचं सूप पुरेल तेवढी गावातली माणसं.

जुळ्या भावांनी एक गोष्ट आळीपाळीनं वाचली
आणि एका पूर्णविरामावरून भांडले.
थॉमसिनानं आईच्या अक्षरातली केकची कृती काढली.
"मनुका, हाताला लागतील तेवढ्या"
इथवर आली, आणि चष्मा पुसत बसली.
मी तारा, मेंढ्या, बर्फ असलेलं एक पान वाचलं.
बरं वाचलं असावं. इंगा झोपून गेली.

मग मॅन्सी उठला, फेरीबोटीवरचा.
"माझ्याकडे पुस्तक नाही," म्हणाला,
आणि तेलकट कोटातून बोटीची नोंदवही काढली,
कडांना मीठ खाल्लेली.
हवामानाची बातमी सांगावी त्या आवाजात
सुरू झाला :

पंचवीस डिसेंबर. वारा आग्नेय, आठ. फेरी नाही.
पानं उलटली. पुढचं वर्ष.
पंचवीस डिसेंबर. वारा पश्चिम, सात. फेरी नाही.
पंचवीस डिसेंबर. दाट धुकं. फेरी नाही.
इंजिनाचं तेल बदललं.

चौथ्या वर्षापासून मुलांना चाल सापडली.
तो वारा सांगायचा,
मुलं बाकं बडवून ओरडायची : फेरी नाही!
टपालवाली बार्बरासुद्धा. मीसुद्धा.
इंगा जागी झाली, कशाबद्दल ते न कळता ओरडू लागली.

पंचवीस डिसेंबर. वारा उत्तर, सात.
फेरी ना—
पहाटे तीन-चाळीस. फेरी गेली.

अर्धा शब्द सगळ्यांच्या तोंडात तसाच राहिला.

प्रवासी चढले : दोन.
प्रवासी उतरले : तीन.
भाडं दोघांचंच घेतलं.

रॅस्मीनं बोटं मोडली, पुन्हा मोडली.
गणितात त्याचा हात धरणारं बेटावर कुणी नाही.
"चुकलंय," तो म्हणाला.
"मध्ये तर नुसता समुद्र.
हातचा एक आला कुठून?"

कुणी उत्तर दिलं नाही.
थॉमसिना पळी घेऊन उगाच भांड्याकडे वळली.
दारापाशी, ओल्या कोटांच्या रांगेत उभी जेसी
एका कोटाचं बटण लावत राहिली;
कोट तिचा नव्हता.
आणि ऑस्ला, पुढच्या आठवड्यात अकराची होणारी,
बुटाच्या नाडीची गाठ सोडवू लागली,
जी सुटलेलीच होती.

मॅन्सीनं बोट ओलं केलं. पान उलटलं.
रॅस्मीकडे पाहिलंही नाही.
पंचवीस डिसेंबर. वारा आग्नेय, नऊ.
आणि थांबला, वाट बघत.

फेरी नाही,
आम्ही म्हणालो, पण आता जरा हळू,
चर्चमध्ये आमेन म्हणतात तसं.
ऑस्लाचे ओठ मिटलेले होते.
बाप तिचा तेलाच्या फलाटावर, चोवीसला सुटणार,
पंचविसाला पलीकडच्या धक्क्यावर येणार.
पुढचं वारा म्हणेल तसं.

मॅन्सीनं वही मिटली.
यंदाचं पान अजून कोरं आहे, एवढंच म्हणाला,
आणि वाडगा पुढे केला.

सूप तळाला लागलं होतं.
सगळ्यांनी दोनदा घेतलं.